हिरवं बोंड

"काळमेघांच्या सुनेला म्हणे पिशवीचा कॅन्सर…" नळावर एवढंच कानी पडलं, अन् मला, त्यांच्या शेजारणीला, बघून बायका गप्प झाल्या. मला कुठला धीर! घागर तिथंच टाकून मी शेजारी धावले.

दारात गुणवंतराव काळमेघ आडवे उभे होते, समोर सून सुलोचना. दवाखान्यातलं गर्भपिशवीच्या तपासणीचं शिबिर तासाभरात उठणार होतं. सुलोचनाला तिथं नुसतं तपासून घ्यायचं होतं; कॅन्सरची आवई नळावरच उठली होती.

"दुखत नाही, खुपत नाही, मग दाखवायचं काय?" ते गरजले. "धडधाकट बाई कधी तपासायला जाते का?"

सुलोचना मागं हटली नाही. "मामाजी, काल कपाशीत चांगली हिरवीगार बोंडं कशाला फोडत होता?"

"गुलाबी अळी बघायला! ती आत बसते, बाहेरून कळत नाही. कळेपर्यंत पीक गेलेलं असतं."

"तेच शिबिरातल्या नर्सताई म्हणतात. अन् इथं तर फोडायचंही नाही, नुसतं बघायचं."

गुणवंतराव दारातून बाजूला झाले. मीही तिच्यासोबत गेले, अन् माझीही तपासणी करून घेतली.

सुलोचनाच्या पिशवीच्या तोंडावर डाग निघाला. कॅन्सर नव्हता, पुढं होऊ शकला असता. वेळेत उपचार झाला.

नळावर कुणी विचारलं तर गुणवंतराव आता स्वतःच सांगतात, "अळी नव्हती बाई, नुसती अंडी होती."