वासुदेवबुवांची मोठी अक्षरं

"माझ्यात आता संसाराचं काय उरलंय, बाबा?"

हेरंबने पुन्हा विचारलं. मठाचे गुरू अच्युतबाबा तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुण्यातली नोकरी, फ्लॅट, जुने मित्र, सगळं मागे टाकून हेरंब पूर्णेकाठच्या या मठात आला होता. तेव्हापासून घरी पत्र नाही की फोन नाही. त्याला संन्यासाची दीक्षा हवी होती, आणि आपण तिला केव्हाच पात्र झालो आहोत याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या सकाळी त्याचा थोरला भाऊ मठाच्या फाटकाशी आला होता. वडील अकोल्याला दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि ते सारखी धाकट्याची आठवण काढत होते. हेरंबने आतूनच निरोप धाडला, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

भाऊ गेला नाही. फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहिला.

"काहीच उरलं नाही म्हणतोस," बाबा म्हणाले. "बरं... वासुदेवबुवांचा कॉम्प्युटर अडकतोय. तेवढा बघ."

वासुदेवबुवा मठातले जुने साधक. उन्हाळ्यात वारले. दृष्टी अधू झाल्यावर ते पोथ्या कॉम्प्युटरवर वाचायचे. वाचायचं ते सॉफ्टवेअरच बिघडलं होतं. हेरंबला हे काम म्हणजे हातचा मळ. त्याने ते काढून टाकलं, नव्याने घातलं, आणि उघडलं.

पडद्यावर अंगठ्याएवढी अक्षरं उमटली. मागे फिकट पिवळा रंग. आणि पान तेच, बुवा शेवटी जिथे थांबले होते.

मागे उभ्या असलेल्या बाबांनी टेबलाची कड धरली. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले.

"तू तर काढून टाकलंस ना हे?"

"सॉफ्टवेअर काढलं, बाबा. ते एका जागी असतं, सगळ्यांसाठी एकच. पण ज्याच्या त्याच्या आवडी, म्हणजे अक्षर केवढं हवं, रंग कोणता, कुठवर वाचलं, हे कॉम्प्युटर वेगळीकडे ठेवतो. कुठे सगळ्याची मिळून एकच मोठी नोंद असते, कुठे प्रत्येक सॉफ्टवेअरची छोटी फाइल. इथे वापरणाऱ्याच्या नावाचा कप्पा आहे, त्यात. त्याला इंग्रजीत 'होम'च म्हणतात, म्हणजे घर."

"आणि सॉफ्टवेअर काढलं, की?"

"त्या कप्प्याला सहसा हात लागत नाही. माणूस परत आला, तर त्याला सगळं होतं तसं मिळावं, म्हणून..."

बोलता बोलता हेरंबचा आवाज खाली आला.

"दिसतं ते?"

"सहजासहजी नाही. लपवलेलं असतं. पुसायचं तर आधी शोधावं लागतं."

बाबा जवळ सरकले.

"दाखवू शोधून?" हेरंबचा हात माऊसकडे गेला.

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पडद्यावर टाकलं. अक्षरं झाकली गेली.



"वडील तुला काय म्हणून हाक मारायचे?"

"ते सगळं मी आता..."

बाबा वाट पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती.

"हंबू," तो म्हणाला.

कित्येक वर्षांत हे नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते ते बाबांना दिसत होते.

"अजून मारताहेत ते हाक," बाबा म्हणाले. "जा. ओ दे."