खंड्याची गुरगुर

एका गावात एक घाणेवाला म्हातारा राहत असे. तेल चोख काढायचा, पण भारी मिरवायचा. दारात गिऱ्हाईक थांबलं की तो खंड्या कुत्र्यापुढे भाकरी टाकी आणि तीन वर्षांच्या नातीला म्हणे, "जा मैना, घाल हात त्याच्या ताटलीत!" पोर हात घाली. लोक टाळ्या पिटत. "काय गरीब जनावर आहे हो!"

गरीब कसलं! खंड्याचं अंग ताठ होई, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागे. चुलीपाशी बसलेल्या सुनेला ते दिसे.

एकदा खंड्या गुरगुरला. झालं! म्हाताऱ्याने पायातली वहाण काढून त्याला बदडलं. "माझं खाऊन माझ्याच नातीवर गुरगुरतोस?" असं दोन-चारदा घडल्यावर खंड्या गुरगुरेनासा झाला. म्हातारा गावभर सांगत सुटला, "कसा सरळ केला बघा!"

"मामंजी, तो खात असताना पोरीला लांब ठेवा," सून म्हणाली. "तो नको म्हणत होता, तेही तुम्ही बंद केलंत."

"तू मला शहाणपण शिकवणार? भाकऱ्या थाप!"

बाजाराच्या दिवशी दारात गर्दी होती. सून विहिरीवर गेली होती. ताटलीत मटणाचं हाड होतं. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून मैनाने हात घातला आणि ती खाली वाकली. खंड्या गुरगुरला नाही, भुंकला नाही. त्याने सरळ तिचा गाल फाडला.

सून धावत आली. तिने जखम भरपूर पाण्याने धुतली आणि पोरीला उचलून दवाखाना गाठला. मैना वाचली, पण गालावरचा व्रण जन्माचा राहिला.

मैनाला घेऊन सून परतली तेव्हा म्हातारा कुऱ्हाड घेऊन खंड्यापुढे उभा होता आणि भोवती तीच गर्दी होती. "न सांगता चावला, बेइमान!"

सुनेने सासऱ्याचा हात धरला. असं तिने कधी केलं नव्हतं. "न सांगता? त्याने सांगितलं तेव्हा वहाण कुणी मारली? मी सांगितलं तेव्हा मला कुणी गप्प केलं? आणि तुम्ही हो, टाळ्या पिटणारे! गाल माझ्या पोरीचा फाटला!"

म्हाताऱ्याने कुऱ्हाड टाकली आणि नातीला घ्यायला हात पुढे केला. मैनाने आपला चिमुकला हात आईच्या पदराखाली लपवला.

तात्पर्य काय, तर कुत्रं गुरगुरलं की कुत्र्याला मारू नका, लेकराला उचला. आणि आपल्या मिरवण्यासाठी लेकराचा हात जनावराच्या ताटलीत घालणाऱ्याने मागाहून जनावराला दोष देऊ नये.