बदामाचा खुराक

तालमीचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले यांनी हौसेनं जीपला ट्रकचं इंजिन बसवलं, पण ऑटोमॅटिक गीअरबॉक्स मात्र जुन्या छोट्या गाडीचाच ठेवला. शौकत मिस्त्रीनं दुरुस्त करूनही तो पुन्हा जळला, तेव्हा ते कोल्हापूरभर सांगत सुटले, की शौकत आता बाद झाला. गिऱ्हाईक तुटलं. रिकाम्या गॅरेजात शौकत त्या गीअरबॉक्समधल्या जळक्या क्लच प्लेटा हातात घेऊन बसला होता, तेवढ्यात तात्यासाहेब चार माणसं घेऊन जाब विचारायला आले.

"या इंजिनाचा जोर याला सोसत नाही. मोठा गीअरबॉक्स घ्या," शौकतनं परत विनवलं.

"हाच चालवायचा! भारी प्लेटा घाल, उंची ऑइल पाज. खुराक वाढवला की अंगात बळ येतं. कुस्तीच्या मैदानात पैलवानांची जोड मी ठरवतो, मला शिकवू नकोस."

शौकत थकल्या आवाजात म्हणाला, "मग येत्या मैदानात तुमच्या थोरल्या पैलवानाशी तुमच्या धाकट्या नातवाची जोड लावा. बदाम मी पुरवतो."

"पोराची हाडं मोडतील की रे!" तात्यासाहेब ओरडले.

शौकतनं जळक्या प्लेटा त्यांच्यापुढं ठेवल्या. "नातवासाठी ओरडायला तुम्ही आहात, तात्यासाहेब. याच्यासाठी मी ओरडत होतो, तर तुम्ही मलाच बाद केलंत."