बाईसाहेबांची रुंद चाकं

गाड्यांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका इनामदारांकडे जुनी, लांबलचक काळी मोटार होती. सगळं गाव तिला बाईसाहेब म्हणायचं. दसऱ्याच्या मिरवणुकीत बाईसाहेब पुढे आणि देवीची पालखी मागे, असा त्यांचा मान होता. देवळाजवळचं अरुंद वळण त्या एका दमात घ्यायच्या आणि लोक बघत राहायचे.

एका वर्षी इनामदारांनी हौसेने त्यांना रुंद, चकचकीत चाकं बसवली. बाईसाहेबांची मान आणखीच ताठ झाली.

स्टिअरिंग हळूच म्हणालं, “बाईसाहेब, चाकं वाढली, पण मडगार्डाखालची जागा आहे तेवढीच आहे. वळताना घासेल.”

“फिरवतील तसं फिरायचं, एवढंच तुझं काम,” बाईसाहेब म्हणाल्या.

दसऱ्याला चाकांखाली लिंबं फुटली आणि मिरवणूक निघाली. देवळाच्या वळणावर ड्रायव्हर रायाप्पाने स्टिअरिंग फिरवलं, तर चाक मडगार्डाला करकरत घासलं आणि तिथेच अडकलं. त्याने पुढे-मागे करून पाहिलं, पण बाईसाहेब काही वळेनात. शेवटी पालखीच अंग चोरून शेजारून पुढे गेली.

“गल्ली अरुंद झालीय,” बाईसाहेब म्हणाल्या.

पुढच्या दसऱ्याआधी रायाप्पाने गुपचूप जुनी चाकं परत चढवली. वळण आलं. बाईसाहेब एका दमात वळल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बघितलंस?” त्या स्टिअरिंगला म्हणाल्या. “शेवटी माझ्यासाठी गल्ली रुंद करावीच लागली त्यांना.”

स्टिअरिंग रायाप्पाच्या हातात फिरू लागलं. पुढचं वळण जवळ आलं होतं.