टिटवी गप्प बसली तेव्हा

माळावर माणसं यायच्या कितीतरी आधी त्या मुलखाचं वर्तमानपत्र म्हणजे एक टिटवी होती. रोज सकाळी ती तळ्याकाठी ओरडून बातम्या सांगायची. एकदा म्हणाली, "तळ्याच्या बांधाला भेग पडलीय."

राजा बिबट्या चिडला. "बांध मी घातलाय. चांगलं बोल, नाहीतर गप्प बस."

खोटं बोलायला टिटवीची जीभ रेटेना. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी भीतीने तळ्यावर कुणी फिरकलंच नाही. टिटवी बोलत नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, असं सगळ्यांना वाटलं. बिबट्यालाही चैन पडेना. शेवटी तोच तिच्याकडे आला. "बाई, काय असेल ते सांगून टाक."

"तेच. भेग."

रानडुकरांनी चिखल लोटून भेग बुजवली. सकाळी टिटवीने ती बातमी सांगितली आणि म्हणाली, "शेजारी दुसरी पडलीय."

बिबट्याने मुकाट्याने डुकरांना हाक मारली.