अध्यक्षांच्या पायातला काटा

फार जुनी गोष्ट. मेंढरांनी एडक्याला अध्यक्ष निवडलं होतं. पलीकडच्या लांडग्यांनी सीमेवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या मुंडक्यावर इनाम लावल्याची बातमी आली आणि कळपात खडाजंगी सुरू झाली. म्हातारी कुत्री तांबी जाब विचारायला आली. तिची पोरं पहाऱ्यावर होती.

एडका रवंथ करत म्हणाला, "मी लांडग्याला विचारलं. तो म्हणतो, असं काही नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे."

"विश्वास तुमचा, मानगूट आमची," तांबी म्हणाली. "मग आज तुम्हीही पहाऱ्यावर चला."

तेवढ्यात एडका लंगडायला लागला. पायात काटा रुतला म्हणे.

तांबीने पाय उलटासुलटा करून पाहिला आणि ती पोरांकडे निघून गेली.

एडक्याचे पाठीराखे अजून तो काटा शोधताहेत.