लाइट गेल्यावर

एकदा एक धाकटा भाऊ गावभर एकच प्रश्न विचारीत हिंडत होता, "लाइट गेलेली असताना माझा दादा शॉक लागून मेला कसा?" उत्तर कोणीच देईना. दादा ज्या वर्कशॉपात कामाला होता, तिथला शेठ तेवढा म्हणाला, "प्यायला असेल, दुसरं काय!"

दादाने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. धाकट्याचे डोके फिरले. दादाचाच मोठा पाना उचलून तो निघाला. वाटेत तंत्रशाळेतून निवृत्त झालेले वृद्ध गुरुजी ओट्यावर बसले होते.

"पाना घेऊन कुठे रे?"

"शेठचं डोकं फोडायला! गुरुजी, लाइट गेली म्हणूनच दादानं वेल्डिंग मशीन उघडलं. टेस्टर लावून पाहिला, पेटला नाही. 'लाइट गेलीय, भितोस काय?' असं मलाच म्हणाला, आणि आत हात घातला..."

गुरुजींनी त्याला आत नेऊन घरातले जुने, उघडे वेल्डिंग मशीन सुरू केले. मग प्लगची पिन उपसून त्याच्याच हातात दिली. "आता?"

"आता काय? लाइट गेली."

गुरुजींनी बल्बच्या दोन तारा मशीनमधल्या एका जाड डबीला टेकवल्या. बल्ब भक्कन पेटला, मंदावला, विझला.

धाकटा पिनेकडे पाहतच राहिला.

"हा कपॅसिटर," गुरुजी म्हणाले. "आत दोन पातळ पत्रे, मध्ये पडदा. विजेला तो पडदा ओलांडता येत नाही, म्हणून ती पत्र्यांवर साठून राहते. आपण म्हणतो 'लाइट गेली'. गेलेली असते ती तारेतली; टेस्टरही तेवढीच दाखवतो. ही वाट मिळेपर्यंत थांबते, आणि मिळाली की क्षणात धावते. तुझ्या दादाचा हात तिची वाट झाला. त्याला हे कोणी सांगितलं नाही, वर मेल्यावर नावाला बट्टा लावला. तुझा संताप खराच आहे, बाळ. पण तोही असाच साठलाय. पान्यातून सोडलास तर आणखी एक जीव जाईल. बल्बातून सोड."

धाकटा वर्कशॉपात गेला. सगळ्यांदेखत त्याने दादाचे मशीन चालू करून बंद केले, पिन उपसून शेठच्या हातात ठेवली आणि गुरुजींनी दाखवले तसा बल्ब लावला. बल्ब पेटताच तो ओरडला, "मशीनही प्यायलंय का, शेठ?"

शेठची मान खाली गेली.

धाकट्याने पाना दादाच्या खुंटीला अडकवला. मग मशीन उघडल्यावर हात घालण्याआधी टेकवायला म्हणून प्रत्येक मशीनच्या मुठीला तारा जोडलेला एकेक बल्ब बांधला, आणि तो निघून गेला.